पहिली तीन सूत्रं

"सतरावं," सर म्हणाले.

"पाठ नाही," उभी राहिलेली मुलगी म्हणाली. "पण काढून देते. एक मिनिट लागेल."

वर्गातली पोरं वळून बघायला लागली. सरांना काढून दिलेलं सूत्र चालत नसे, घडाघडा म्हटलेलंच लागे. विजेच्या धड्याची ही वीस सूत्रं आपण स्वतः निवडून काढली, असं ते दरवर्षी सांगत. मूळ कागद त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपला होता. वरची कड फाटकी, शाई उडालेली. त्याच्या झेरॉक्सवर बावीस वर्षं पोरं घोकंपट्टी करत आली होती. ज्याला वीसच्या वीस येत नाहीत तो गाढव, हे सरांचं ठरलेलं वाक्य. गाढवाच्या प्रयोगवहीवर ते सही करत नसत, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नसे. परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

"सर, यादी चार नंबरपासून का सुरू होते? पहिली तीन कुठं गेली?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रश्न सगळ्यांनाच पडला होता, विचारायची छाती कुणाची झाली नव्हती.

"जीभ फार लांब झालीय तुझी! लागत नाहीत म्हणून नाहीत. पाठ कर, नाहीतर वर्ष घालव."

"मला तीन येतात, सर. तुमची वीसही त्यांतूनच निघतात. मी पाठ करणार नाही."

"हे कुणी शिकवलं?"

"आईनं. ती इस्त्र्या, गिझर, पंखे दुरुस्त करते."

"वा! म्हणजे आता आम्ही गिझरवाल्या बाईंकडून शिकायचं! उद्या घेऊन ये त्यांना. त्यांच्यासमोरच वही परत देतो. सहीविना."

घरी येईपर्यंत तिचा सगळा ताठा उतरला होता. वर्ष जाणार, असं म्हणत तिनं दारातच सगळं सांगून टाकलं. आई इस्त्रीची कॉइल बदलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि झेरॉक्स मागून घेतली. कागदावर उमटलेल्या फाटक्या कडेवरून तिनं बोट फिरवलं.

"उद्या येते," ती म्हणाली. "आणि खबरदार, एक ओळ जरी पाठ केलीस तर."

दुसऱ्या दिवशी आई कामावरूनच थेट वर्गात आली. बोटांना काळं लागलेलं, हातात अवजारांची पेटी. सरांनी तिला ओळखलं नाही.

"बसा."

"नको. मी उभीच बरी. बावीस वर्षांपूर्वी इथंच उभी होते, सर. माझ्याही वहीवर तुम्ही सही केली नव्हती. तुम्ही फळ्यावर लिहीत होतात आणि मी माझंच काहीतरी लिहीत बसले होते. तुम्ही कागद ओढलात. माफी माग म्हणालात. मी मागितली नाही."

सर खुर्चीतून अर्धवट उठले, पुन्हा बसले.

"शाळा सुटली ती सुटलीच," आई म्हणाली. "त्याचं वाईट वाटतं अजून. माफी न मागितल्याचं नाही वाटत."

तिनं पेटी टेबलावर ठेवली. स्क्रू आणि वायरींच्या तुकड्यांखालून, अगदी तळातून, एक घडी घातलेला चिटोरा काढला. तो पोरीनंही कधी पाहिला नव्हता. टेबलावरच्या प्लास्टिकच्या पाकिटातला सरांचा कागद आईनं न विचारता बाहेर ओढला आणि चिटोरा त्याच्या फाटक्या कडेला लावला. फाटलेल्या कडांचे दात एकमेकांत बसले. शाई तीच होती, अक्षरही तेच.

"खालचा भाग तुमच्या हातात गेला. वरचा माझ्या मुठीत राहिला."

मग तिनं टेबलावरची लेकीची प्रयोगवही उघडून सरांपुढे ठेवली. वर पेन ठेवलं.

"सही करायची की नाही, ते हे ऐकून झाल्यावर ठरवा. वाच गं. मोठ्यानं, शेवटच्या बाकापर्यंत जाऊ दे."

पोरीनं वाचलं, "एक, व्ही बरोबर आय आर. दोन, पी बरोबर व्ही आय. तीन, डब्ल्यू बरोबर पी टी." मग खालची ओळ दिसली आणि तिला हसू आवरेना. तरी तिनं ती खणखणीत आवाजात वाचली:

"पाठ फक्त ही तीन. खालची वीस यांतूनच निघतात. ती जो पाठ करील तो गाढव."