बॅटरीतलं पाणी

गोपिकाला कन्हानच्या त्या घरात येऊन सात वर्षं झाली होती, पण सासऱ्यांसमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा रीतच तशी होती. काही सांगायचं असलं की सून दाराआडून बांगड्या वाजवायची.

त्या दिवशी नवरा नागपूरला गेला, म्हणून समोरच्या खोलीतल्या त्याच्या बॅटरीच्या दुकानात सासरे, महादेवराव, बसले होते. चार्जिंगला लावलेल्या ट्रकच्या बॅटरीत पाणी किती उरलं ते अंधारात दिसेना. त्यांनी बूच काढलं, वाकले आणि काडेपेटी उघडली. दाराआडून गोपिका ते पाहत होती. अशा बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीनं भडकतो, हे नवऱ्यानं तिला शंभरदा बजावलं होतं.

तिनं बांगड्या वाजवल्या.

"चहा नको, सूनबाई."

पहिली काडी सर्दावलेली होती, पेटली नाही. तिनं दाराची कडी आपटली.

"नको म्हनलं ना!" ते खेकसले आणि त्यांनी दुसरी काडी पेटीला लावली.

"ओ बुढ्या! फेक थे काडी! डोये जातीन तुये!"

काडी हातातून गळून पडली. सासूबाई आतून धावत आल्या. "सासऱ्याले बुढा म्हनते? जीभ कशी झडली नाही वं तुयी?"

महादेवराव बॅटरीपासून दोन पावलं मागं सरले.

"तू चूप राय वं," ते बायकोला म्हणाले. "सूनबाई, तू बोल. पानी कसं पाहाचं असते याच्यातलं?"