टीप क्रमांक बावीस

“पान सतरा उघडा,” मनोहरराव म्हणाले, आणि संदेश ही बंगाली मिठाई तोंडात घालायला निघालेला श्यामरावांचा हात वाटेतच थांबला.

कानिटकरांच्या बालीगंजच्या फ्लॅटमध्ये मुलाकडचे लग्नाचं बोलायला आले होते. निदान त्यांची तशी समजूत होती. मनोहरराव कानिटकरांना बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत एकही ताळेबंद हाताला लागला नव्हता, आणि माणूस दूधवाल्याच्या बिलावर किती दिवस काढणार? लेकीने, चैत्रालीने, क्षितिजचं नाव काढलं तेव्हा पत्रिकेऐवजी त्यांनी त्याच्या कंपनीचे तीन वर्षांचे हिशेब मागवले. गोदीजवळच्या गार्डन रीचला जहाजांच्या इंजिनांसाठी रबरी वायसर बनवणारी लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. संचालक दोनच, श्यामराव आणि त्यांचा मुलगा क्षितिज.

आकडे त्यांनी आठ दिवसांत घरीच पिंजून काढले होते. मागच्या बारीक अक्षरातल्या टिपा मात्र राखून ठेवल्या होत्या. टिपा कर्जदाराला समोर बसवून वाचायच्या, त्याचा चेहरा तेव्हाच कळतो, हा त्यांचा बँकेतला शिरस्ता. समोर कर्जदार नसून होणारा जावई आहे, एवढ्याशा फरकासाठी तो मोडावा असं त्यांना वाटलं नाही.

“नफा अकरा लाख,” ते म्हणाले. “आणि रोकड चाळीस हजार. नफा गेला कुठे?”

“उधारीत, काका,” क्षितिज म्हणाला. “ठेकेदार माल नेतात आणि पैसे द्यायला सात महिने लावतात.”

“मागायला कोण जातं?”

“आम्ही फोन करतो.”

मनोहररावांनी समासात लाल पेन्सिलीने ‘फोन’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. चैत्रालीच्या आईला, श्यामलाबाईंना, नवऱ्याची लाज वाटावी की पाहुण्यांची दया यावी, ते कळेना. चैत्राली तिसऱ्यांदा चहा विचारून गेली.

“आणि हे बघा. सहा लाखांचं कर्ज. तारण नाही, व्याज नाही, परतफेडीची तारीख नाही. पस्तीस वर्षांत इतका खुळा सावकार मी पाहिला नाही. श्यामराव, स्पष्टच सांगतो. जिथे पैसा असा हाताळतात, त्या घरात मुलगी द्यायची माझी तयारी नाही.”

चैत्रालीचा चेहरा उतरला. बाबांनी मनापासून हो म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्यांना दुखवून बोहल्यावर चढणं तिच्या स्वभावात नव्हतं.

“बाबा, चहा ठेवू?” तिने चौथ्यांदा विचारलं. तोवर पान उलटलं होतं.

“टीप बावीस. संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार. बिनतारणी कर्ज, रुपये सहा लाख. कर्ज देणारी व्यक्ती, संचालक क्षितिज यांची पत्नी.”

श्यामलाबाईंनी क्षितिजच्या हातातली बशी काढून घेतली.

“तुझं लग्न झालंय?” मनोहररावांनी विचारलं.

“हो, काका. फेब्रुवारीत.”

“श्यामराव, तुम्हाला हे माहीत होतं? खाली सही तुमची आहे.”

“मी सही करतो,” श्यामराव घाबऱ्या आवाजात म्हणाले. “वाचत नाही.”

मनोहररावांनी चष्मा पुसला आणि पुढची ओळ वाचली. “चैत्राली मनोहर कानिटकर.” मग तीच ओळ पुन्हा मनात वाचली. ऑडिटरने नाव पूर्ण लिहिलं होतं, शंकेला जागा ठेवली नव्हती. श्यामलाबाईंनी बशी क्षितिजला परत दिली.

“कामगारांचे पगार थकले होते, बाबा,” चैत्राली म्हणाली. “मी माझे पैसे देणार होते. पण ऑडिटर म्हणाले, प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्या माणसाकडून असं कर्ज घेता येत नाही. संचालकाच्या नातेवाइकाकडून चालतं. मग आम्ही रजिस्टर लग्न केलं.”

“नियमासाठी?”

“नियमासाठी. खरं लग्न तुम्ही हो म्हटल्यावरच करणार होतो.”

मनोहररावांना संतापायचं होतं. पोरीने आपल्याला विचारलं नाही, हे त्यांना फार लागलं. पण तिने नियम इतका तंतोतंत पाळला होता की आतल्या आत अभिमानही वाटत होता, आणि अभिमान वाटत असताना ओरडायचं कसं, हे पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी सवयीप्रमाणे पुढचा प्रश्न विचारला.

“सहा लाख आणलेस कुठून?”

“तुम्ही माझ्या लग्नासाठी माझ्या नावावर ठेव ठेवली होती ना? जानेवारीत मुदत संपली. लग्नासाठीच काढली, बाबा.”

मनोहररावांनी त्या आकड्याभोवती लाल गोल काढला. जन्मभराच्या पगारातून बाजूला काढलेले त्यांचे सहा लाख गार्डन रीचच्या वायसरांत अडकले होते. त्यांनी लाल पेन्सिल खिशाला लावली आणि खुर्ची श्यामरावांच्या जवळ ओढली.

“ठेकेदारांची नावं लिहून द्या,” ते म्हणाले. “आणि ऑफिस सकाळी किती वाजता उघडतं आपलं?”