कोरडा फुटाणा

"हाही उंदीर विसरला. बंद करा हा प्रयोग," गाईड शिवशंकर सर म्हणाले.

राजनंदिनीला रडूच कोसळलं. धाराशिवच्या त्या फार्मसी कॉलेजात तिचे सहा महिने उंदरांमागं गेले होते. आडव्यातिडव्या बोळांच्या पेटीत त्यांना फुटाण्याची वाट शिकवायची, मग सुई टोचायची. पहिल्या सुईचं औषध मेंदूत शिरतं, तो उंदीर वाट विसरतो. दुसऱ्या सुईचं मेंदूपर्यंत पोचतच नाही, त्यानं विसरायला नको. फुटाणा खाल्ला की पास. आणि झालं काय, तर मेले दोन्हीकडचे नापास! दुसऱ्या सुईवाले तर फुटाणा हुंगून माघारी फिरायचे. पीएचडी गेली म्हणायची.

पिंजरे धुणाऱ्या धुरपदाबाई हात पुसत जवळ आल्या. "मॅडम, ह्या सुईनं त्यांचं तोंड वाळतंय का?"

"हो, दोन्ही सुयांनी. का हो?"

"डॉक्टरनं मला पोटातल्या कळंची गोळी दिलीय. घेतली की जीभ टाळ्याला चिकटती बघा. कोरडी भाकर घशाखाली उतरंना, आमटीत कुस्करून खाती म्या. अन् ह्या मुक्या जिवाला तुमी कोरडा फुटाणा घालताव! कसा खाईल त्यो?"

राजनंदिनी बघतच राहिली. अगं बाई, इतकं साधं! तिनं फुटाणे पाण्यात कुस्करले, बशी त्याच जागी ठेवली आणि दुसऱ्या सुईचा, आत्ताच नापास झालेला तोच उंदीर पेटीत सोडला.

तो सरळ निघाला. डावा बोळ, उजवा बोळ, बशी. मिशा ओल्या करत लपालपा खाऊ लागला.

"ओल्या वासानं गेला असेल," सर म्हणाले.

तिनं बशी पुन्हा भरली आणि पहिल्या सुईचा उंदीर सोडला. तो भलत्याच बोळांत हिंडला, दोनदा भिंतीवर नाक घासलं आणि कोपऱ्यात जाऊन बसला.

"वास तर ह्यालाही येतोय, सर!"

राजनंदिनीनं चक्क शिट्टी वाजवली आणि धुरपदाबाईंना मिठी मारली. त्या लाजून "अवं, हात वले हायेत" म्हणत राहिल्या.

"सहा महिन्यांत मला कसं नाही सुचलं हे?" सर अखेर म्हणाले.

"लई शिकल्यालं माणूस तुमी, सर," धुरपदाबाई म्हणाल्या. "तुमी त्याच्या डोस्क्यात बघत बसलाव. म्या तोंडात बघितलं."