म्हातारा जादूगार

बाबांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. आता अंथरुणाला खिळल्यावरही लेकीच्या अद्भुत कादंबरीतल्या चुका काढण्याची त्यांची हौस फिटत नव्हती. आज तिनं म्हाताऱ्या जादूगाराला पुन्हा एकदा मरणाच्या दारातून परत आणलं होतं.

"आधी मुळी, मग तो पक्षी, आता हा बोलका झरा," बाबा म्हणाले. "अगं, इतके उपाय असताना तुझ्या राज्यात कुणी मरतंच कसं?"

"मग काय करू?"

"जाऊ दे त्याला. दमलाय तो. तो आहे तोवर त्याचं बोट धरून निघालेली ती पोर एकटी पाऊल टाकायची नाही. तुझं कथानक तिथंच अडलंय."

तिनं मान खाली घालून झरा खोडला.

"आता पुढचं वाच," बाबांनी डोळे मिटले. "पोर डोंगरापलीकडे सुखरूप पोचते ना, तेवढं ऐकून ठेवतो."

पुढचं काहीच लिहिलेलं नव्हतं. तिनं कोरा कागद डोळ्यांसमोर धरला आणि आवाज कापू न देता ती वाचू लागली. सगळं फार सोपं झालं तर बाबा लगेच पकडतील, म्हणून वाटेत तिनं एक नदीही घातली.