दुसऱ्याच्या अंगठ्याखालची बातमी

वाचकहो, दोन मित्रांचा अबोला कसा सुटला, ते यथामती निवेदन करीत आहे.

सलूनमध्ये दाढीला बसलेल्या तुळशीरामचे हात कापडाखाली होते. न्हावी म्हणाला, "बाबालाल, पेपर धर त्याच्यापुढं. मोर्च्यातल्या एका दगडापायी महिनाभर बोलत नाय तुम्ही!"

बाबालालने रागानेच धरला. अंगठा टेकताच, नित्याप्रमाणे, धरणाऱ्यास रुचणारी बातमी कागदावर उमटली. तुळशीरामच्या अंगठ्याखाली दगड मोर्चेकऱ्यांनी मारलेला असे. येथे तो मोर्चेकऱ्यांवरच पडला होता.

"तुला रोज हेच दिसतं?" तुळशीरामने विचारले.

"मग काय, मनानं रचलं?"

"मला वाटलं, थापा मारतोस."

तुळशीरामने साबणभरल्या तोंडानेच कापडाखालून हात काढला.

"आण इकडं. आता मी धरतो, तू वाच."

आपण वाचलेत, आभारी आहे.
— दत्तू रामजी खिलारे