बाजारातली जागा

"बाजारात बायकांच्या शौचालयासाठी राखून ठेवलेली जागा दुकानगाळ्यांना द्यायची. कुणाचा विरोध?" सरपंचांनी ग्रामसभेत विचारलं.

मी उभी राहिले.

"बोला, काकू."

पण सोमवारी सूर्यास्तापर्यंत माझं मौन असतं. हात जोडून मी नुसतीच थांबले.

"काकूंच्या वतीनं महादेव बोलणार!" मागून कुणीतरी म्हणालं. पुरुष हसले.

शेजारी बसलेली भाजीवाली हौसाबाई उठली. "त्यांचं मौन आहे, माझं नाही. बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. का, ते तुमच्या आईला विचारा, सरपंच. तिनंही तिथंच बसून मेथी विकलीय."

सरपंचांची मान खाली गेली. "शौचालय हवंय त्यांनी हात वर करा," ते हळूच म्हणाले.

बायकांच्या रांगेतून पहिला हात त्यांच्या आईचाच वर गेला.