बुरुजावरची तिघं

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फेर्नांद पहिल्यांदाच फ्रान्समधल्या नीम गावातल्या रोमन बुरुजावर चढत होती. नवरा एमे दर वळणावर चिडवायचा, "चल म्हातारे, रोमन सैन्य खोळंबलंय!"

माथ्यावर दोघंच होती. खाली लालसर कौलांचं गाव उन्हात पसरलं होतं. चढून आल्याचं फेर्नांदला सार्थक वाटलं. तेवढ्यात लेकीचा, मागलोनचा फोन आला. ती घराच्या गच्चीतून दुर्बिणीनं पाहत होती.

"आई, दिसलात गं! किती छान उभी आहात तिघं!"

"तिघं?"

"तुमच्या दोघांच्या मधे कोण आहे? किती गोड हसतंय!"

फेर्नांदनं बाजूला पाहिलं. मधे कुणीच नव्हतं. एमेचे दोन्ही हात कठड्यावर होते.

तरीही कुणीतरी तिचा हात अलगद हातात घेतला. तो हात उबदार होता. फेर्नांदला तो सोडवावासा वाटेना.